रादामेसची पुढची खुर्ची

सांतियागो शहरात टोपी घालून केस कापणारे न्हावी पुष्कळ आहेत. एलीहियोच्या सलूनात मात्र टोपीला बंदी. "ज्याचं स्वतःचं डोकं झाकलेलं, त्याच्या हाती गिऱ्हाईक आपलं डोकं का देईल?" असं मालक म्हणे. त्यामुळे रादामेसचं टक्कल साऱ्या रस्त्याला दिसायचं, कारण त्याची खुर्ची सर्वांत पुढची, काचेला लागून.

ती खुर्ची त्याला फुकट मिळाली नव्हती. लहानपणी तो मामाच्या हाताखाली आंब्याच्या झाडाखाली गिऱ्हाइकांच्या मानेवरचे केस झटकायचा. या सलूनात आला तेव्हा त्याला संडासाशेजारची खुर्ची मिळाली. तिथून सरकत सरकत काचेपर्यंत यायला अर्धं आयुष्य गेलं. त्याचा हात हलका होता, वस्तरा चोख होता, आणि कपाळावर केसांची कड आखणारी रेघ सूत धरून मारल्यासारखी यायची. इथला माणूस एखाद्या दिवशी भात-राजम्याशिवाय राहील, पण वाकडी रेघ घेऊन रस्त्यावर जाणार नाही.

"रादामेस, काल दोघंजण काचेतून तुझं डोकं बघून पुढे निघून गेले," एकदा मालक म्हणाला. "नाताळच्या गर्दीआधी या खुर्चीचं ठरवावं लागेल. तो मधल्या खुर्चीवरचा नीनो बघ, काय केस आहेत!"

"मालक, तुम्ही केस बघता की काम?"

"मी कामच बघतो. रस्ता केस बघतो."

तेलं चोळून झाली होती, कांद्याचा रसही लावून झाला होता. बायको मिलाग्रोसनं त्या वासापायी त्याची उशी वेगळी केली होती. रादामेस सरळ त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

तेहेदाबाईंनी त्याचं डोकं भिंगातून पाहिलं. "बापाला टक्कल होतं?"

"बापाला, आज्याला. घराण्यात कंगवा कुणी झिजवलाच नाही."

गोळ्या त्याला सोसल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, बोटॉक्सची इंजेक्शनं देऊन बघता येतील. कपाळाचे, कानशिलांचे, मागचे स्नायू सैल पडले तर टाळूवरचा ताण कमी होईल आणि केसांच्या मुळांना रक्त नीट पोचेल, असा अंदाज. "अंदाजच आहे हं. थोड्याच माणसांवर करून पाहिलंय. काहींना गुण आला, काहींना नाही. मी वचन देणार नाही."

"मी पण वचन मागत नाही. टोचा."

बाईंनी डोक्याभोवती कडं धरल्यासारखं टोचत नेलं. रादामेसनं खुर्चीचे हात घट्ट धरले. निघताना बाईंनी बजावलं, "आज डोकं चोळायचं नाही, दाबायचं नाही, आडवं व्हायचं नाही. औषध सरकेल."

तो तिथून थेट कामावर गेला. सलूनात कुणाला काही सांगितलं नाही. टक्कल लपवता येत नाही, निदान औषध तरी लपवावं.

पण तो शुक्रवार होता. स्वतःची मान स्वतःला कापता येत नाही, म्हणून शुक्रवारी दुकान आवरताना सलूनातले न्हावी एकमेकांची डोकी करतात. शेवटी ओंजळीत बेरोन नावाचं सुवासिक स्पिरिट घ्यायचं आणि मानेपासून भुवईपर्यंत डोकं कणकेसारखं मळायचं. आठवड्याचा शीण त्यानं उतरतो.

"बस रे म्हाताऱ्या, आहेत तेवढे तरी नीट करू," नीनो म्हणाला.

"फक्त मान कर," असं म्हणायचं रादामेसनं ठरवलं होतं. पण खुर्ची मागे कलली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचे डोळे मिटले. जागा झाला तेव्हा कपाळ बेरोननं थंडगार पडलं होतं आणि नीनो हात पुसत होता.

पुढच्या आठवड्यात उजवी भुवई खाली बसली, पापणी लोंबली.

"कुणाला डोळा मारतोयस रे?" गिऱ्हाइकं विचारू लागली. रादामेस हसून वेळ मारून नेई. पण अर्धा डोळा झाकलेल्या माणसाला रेघ कशी दिसावी? एका शिक्षकाची रेघ उजवीकडे उतरली. शिक्षकानं आरशात बघितलं, पैसे ठेवले आणि रुमालानं कपाळ झाकून बाहेर पडला.

रादामेसला सगळ्यांसमोर इंजेक्शनांची गोष्ट कबूल करावी लागली, तरी मालकानं बोट मागे दाखवलं. संडासाशेजारची खुर्ची.

"मुद्दाम केलं त्या नीनोनं," मिलाग्रोस घरी म्हणाली.

"त्याला माहीतच नव्हतं. त्यानं काम चोख केलं. झोपलो मी."

तेहेदाबाई म्हणाल्या, "डोकं कुणी दाबलं?"

"आमच्या धंद्यानं."

"पापणी वर येईल, पण काही आठवडे जातील. तोवर रजा घ्या."

त्यानं रजा घेतली नाही. रोज सकाळी डॉक्टरी चिकटपट्टीनं भुवई वर ओढून कपाळाला चिकटवली, मधूनमधून डोळ्यात थेंब घातले, आणि दुकान उघडायच्या आधी घरीच फुग्यांवर सराव सुरू केला. फुगा फुगवायचा, त्यावर साबणाचा फेस, फेसात वस्तऱ्यानं रेघ. हात जड पडला की फुगा फुटे आणि फेस मिलाग्रोसच्या पडद्यावर उडे.

"वाढदिवस कुणाचा आहे म्हणे?" ती विचारी, पण नवा फुगा तीच फुगवून देई.

पट्टी लावूनही पापणी अर्धीच उघडे, आणि एका डोळ्याला अंतर कळत नाही. मग त्यानं डाव्या हाताला कामाला लावलं. अंगठा कानशिलावर रोवायचा, कातडी ताणायची, आणि रेघ बोटांनी चाचपत पुढे न्यायची. फुगे फुटायचे थांबले तसा तो मालकासमोर उभा राहिला.

"बसा."

"कुठे?"

"पुढच्या खुर्चीवर. तुमची रेघ मारतो. वाकडी गेली तर खुर्ची नीनोला द्या, मी मागेच बरा."

नीनोनं स्वतःचं मशीन बंद केलं. मालक बसला, "रविवारी माझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, लक्षात ठेव," म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. रादामेसनं अंगठा रोवला. घाई केली नाही. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत वस्तरा एकदाच उचलला, तोही पुसण्यासाठी.

मालकानं आरसा घेतला, नखानं रेघ चाचपली, मान इकडून तिकडे वळवली.

"उद्यापासून इथेच उभा राहा," तो म्हणाला. "आणि ती पट्टी पाणी लावून काढत जा. ओढलीस तर भुवईचेही केस जातील, मग तिथेही टोचून घ्यावं लागेल."

सगळे हसले. रादामेसही हसला.

नाताळची गर्दी त्यानं पुढच्या खुर्चीवरच उपसली. पापणी केव्हाच वर आली होती. कंगव्यात केस कमी निघत. टाळूवर थोडी लव दिसे, तीही मिलाग्रोसला. त्याला स्वतःला खात्री नव्हती. पुन्हा टोचायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबायचं असेल तर थांबा."

"अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवत नाहीत, बाई."

या खेपेला त्यानं दुकानात शिरताच सगळ्यांना सांगून टाकलं. तोही शुक्रवारच होता. संध्याकाळी नीनो ओंजळीत बेरोन घेऊन मागे उभा राहिला.

"कुठवर?"

"मानेपर्यंत. वर सरकलास तर बोटं मोडीन."

खुर्ची मागे कलवू दिली नाही त्यानं. ताठ बसला, आणि समोरच्या आरशात नीनोच्या हातांवरून नजर हलवली नाही.