झाडावरचे साडूभाऊ

माझ्या साडूभाऊंइतक्या तब्येतीत झाडावर बसणारा माणूस अमेरिकेतल्या अख्ख्या जॉर्जिया राज्यात दुसरा नसेल, आणि झाडावर चढण्याआधी इतका वेळ जमिनीवर घालवणाराही नसेल. आमच्या अल्फारेटा गावातली बाकीची मराठी मंडळी शनिवारी क्रिकेट खेळतात, नाहीतर कुणाच्या तरी डेकवर बसून ग्रीन कार्डाच्या तारखांवर चर्चा करतात. आमचे साडूभाऊ धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. पुण्यात असताना झुरळ मारायलासुद्धा हे शेजाऱ्यांना हाक मारायचे, असं ताई सांगतात. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. हा नाद त्यांना ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं लावला. तो पुढे टेक्सासला जाऊन गोल्फ खेळायला लागला. साडूभाऊ झाडावरच राहिले.

ही शिकार मचाणावरून होत नाही. कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचं एक सॅडल बांधायचं, त्याचा दोर खोडाला अडकवायचा आणि ताटाएवढ्या फळीवर पाय टेकून, दोरावर रेलून, संध्याकाळपर्यंत लोंबकळत राहायचं. ताई त्या सॅडलला झोळणं म्हणतात. वर जायला अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या पायऱ्या असतात. एक खोडाला आवळायची, तिच्यावर उभं राहून पुढची आवळायची. सरकारी जंगलात सामान ठेवून येता येत नाही, म्हणून पायऱ्या, फळी, दोर, धनुष्य सगळं पाठीवर लादून मैलभर चालत न्यायचं आणि तसंच परत आणायचं. साडूभाऊंची सगळी बुद्धी ह्या वाहण्यात खर्च होते. मुलीनं केकसाठी आणलेला वजनकाटा त्यांनी कधीच गॅरेजमध्ये नेला. पायरी हलकी व्हावी म्हणून तिला भोकं पाडली, बकलं काढून दोऱ्या लावल्या, आणि एवढं करून डबाभर गुळपापडीच्या वड्या बरोबर घेतल्या. "अहो, त्यापेक्षा पोट कमी करा ना," ताई एकदा म्हणाल्या. "पोट वाजत नाही," साडूभाऊ शांतपणे म्हणाले.

कारण त्यांच्या मते वजनापेक्षा आवाज वाईट. पायरीवर पायरी आपटून खण्ण झालं की हरीण पार अलाबामापर्यंत पळतं. म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. आम्ही जेवायला गेलो की सगळा बोजा पाठीवर बांधून ते जिन्यावरून वरखाली करत आणि आम्ही आमटीचे भुरके थांबवून कान द्यायचे. "काही वाजलं?" "नाही." "खरं सांगा." एकदा माझी बायको, "गुडघा वाजला," म्हणाली, तर ते रात्रभर गुडघ्याला तेल लावत बसले.

मागच्या वर्षी आमचे सासरे अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आले. बाबा इतके शाकाहारी, की केक पुढे आला की आधी अंड्याची चौकशी करतात आणि अंडं नाही म्हटलं तरी खात नाहीत. ताईंनी घरात जाहीर केलं, "बाबांना काही सांगायचं नाही. तुम्ही पक्षी बघायला जाता." त्या दिवसापासून साडूभाऊंचे हाल सुरू झाले. पहिल्याच शनिवारी ते परतले तर बाबा दारात उभे.

"काय दिसलं जावईबापू आज?"

साडूभाऊंची पक्ष्यांची ओळख कावळ्यापाशी संपते. "कार्डिनल," ते म्हणाले.

"कसा असतो?"

"लाल."

"बरं. आणि?"

"चांगलाच लाल."

पुढे ते घराच्या वळणावर गाडी थांबवून फोनवर एकेक पक्षी पाठ करायचे आणि मगच घरी यायचे. बाबा इतक्या कौतुकानं ऐकायचे, की साडूभाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे होतो. बाबांनी जावयाच्या त्या पक्षी बघायच्या झोळण्यात बसून बघायची इच्छा सांगितली. साडूभाऊंनी मागच्या अंगणातल्या ओकला एकच पायरी बांधली आणि नवरदेवाला शेला बांधावा तितक्या निगुतीनं एकेक पट्टा बाबांच्या कंबरेला आवळला. बाबा दोन फूट वर, दोरावर रेलले, पाय सैल सोडले. संध्याकाळचं ऊन पानांतून येत होतं. त्यांनी मान वर करून फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतकं निवांत मला कितीतरी दिवसांत वाटलं नाही. इथून पाखरं किती जवळ येत असतील हो."

साडूभाऊ दोर धरून उभे होते. ताई मागून डोळ्यांनी खुणावत होत्या. तरी ते म्हणाले, "बाबा, मी पक्षी बघायला जात नाही. मी हरणं मारतो."

बाबा लोंबकळतच होते. रागावून निघून जायची सोय नव्हती. "मला आधी खाली घ्या," ते म्हणाले.

मग दोन दिवस त्यांनी त्या घरात दूध आणि केळी एवढंच घेतलं. कुठल्या भांड्यात काय शिजलं असेल, ह्याचा भरवसा राहिला नव्हता. ताईंनी नवी कढई आणली, रडल्या, साडूभाऊंशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मी इथं आहे तोवर बाण सोडायचा नाही." साडूभाऊंनी मान डोलावली. शनिवारी ते गॅरेजमध्ये पायऱ्या पुसत बसले, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. बाबांनी खिडकीतून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "जा ना. झाडावर बसायला मी कुठं नाही म्हटलं? थांबा, मीही येतो."

त्यानंतर दर शनिवारी दोघं जायचे. स्वेटर, कानटोपी आणि त्यावर शिकाऱ्यांचं भगभगीत नारिंगी जाकीट घालून बाबा जंगलाच्या तोंडापर्यंत फळी उचलून न्यायचे, "ह्याहून जास्त नको" असं स्वतःलाच सांगायचे आणि गाडीत थर्मास घेऊन बसायचे.

नोव्हेंबरात एकदा साडूभाऊ नेहमीपेक्षा उशिरा परतले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले. मोठ्या शिंगांचा एक नर, ज्याच्या खुरांचे ठसे ते कितीतरी हिवाळे बघत आले होते, तो बरोबर त्यांच्या झाडाखाली येऊन ओकची फळं खात थांबला होता. धनुष्य हातात होतं.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग गेला."

बाबांनी कपात चहा ओतून त्यांना दिला. "सावकाश सांगा. कुठून आला?" घरी पोचेपर्यंत त्यांनी साडूभाऊंना सगळं दोनदा सांगायला लावलं. आठवड्याभरात अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवरून त्या हरणाची बातमी गेली आणि तिसऱ्या फोनपासून ते बाबांनी स्वतः पाहिलेलं होतं.

बाबा परत गेले. आता गुडघ्यांमुळे एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी फोन करतात. यंदाच्या मोसमात साडूभाऊंना एक हरीण मिळालं. तो शिंगवाला नव्हे, दुसरंच. त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. बाबांनी विचारलं, "काल काय झालं?"

"मिळालं," साडूभाऊ म्हणाले.

पलीकडे बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग, "लगेच गेलं का ते?"

"हो. लगेच."

"बरं. ताईला द्या फोन."

नंतर मी म्हटलं, "काही आलं नाही, असं सांगायचं होतंत. काय बिघडलं असतं?" साडूभाऊ म्हणाले, "पक्ष्यांच्या वेळी मी तेच करत होतो. नाही जमत यार."

पुढच्या रविवारी बाबा हवेबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले, जंगलाचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. साडूभाऊ फोन ठेवणार इतक्यात बाबा म्हणाले, "तो मोठा येतो का हो अजून त्या झाडाखाली?"

"येतो," साडूभाऊ म्हणाले, आणि पुन्हा खुर्चीवर बसून, तो कुठून आला इथपासून सावकाश सांगू लागले.