औशाच्या माळावरची कोळंबी

लातूर जिल्ह्यात समुद्र नाही, हे माझ्या भाचीला शाळेतच कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सुनंदानं औशाजवळच्या माळावर, खारट बोअरच्या पाण्यात, चक्क कोळंबी पाळली. "मावशी, उद्घाटन हाय, ये," असा फोन आला अन् मी पिशवी भरली.

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचवते. बायांना अर्धं तिकीट. लातुरात उतरलात की निलंगा भात खा. तिखटानं नाक वाहतं, तरी दुसरी प्लेट मागावीच लागते. पुढं औशापर्यंत जीप. तिच्यात मांडी हलवायला जागा मिळेल, ही आशा नांदेडलाच ठेवून या.

पोचल्याबरोबर तळ्यात डोकावले. पाणी पार चहासारखं.

"नासलं काय गं?"

"नासलं न्हाई, मुद्दाम केलंय. मागच्या खेपेला वाईट जंतूंनी सगळी कोळंबी मेली. म्हणून आता समुद्रातले चांगले जंतू मागवले. पिंपात गुळाच्या पाण्यावर वाढवून तळ्यात सोडून राहिले. ते वाईटांची जागाबी धरतात अन् खाणंबी संपवतात."

म्हणजे मारामारी नाहीच. पंगतीत आधी बसायचं अन् मागून येणाऱ्याला रिकामं भांडं दाखवायचं. आपल्या लग्नांत ही विद्या फार जुनी आहे.

तेवढ्यात तिचे सासरे ब्लीचिंग पावडरची गोणी घेऊन आले. "उद्घाटनाला मत्स्यखात्याचे साहेब येऊन राहिलेत. फोटोत पाणी काचेवानी दिसाया पाहिजे."

सुनंदा हात पसरून आडवी उभी राहिली. "मामा, चांगले-वाईट दोन्ही मरतील, कोळंबीबी जाईल. हीबी खेप गेली तर मला पुन्हा उभं राहता यायचं न्हाई."

"चिमूटभर टाकतो की! साहेबापुढं असलं पाणी? काही लाज?"

गोणीचं तोंड सुटलेलं. मी मधे पडले. "इवाईबुवा, फोटोला पाणी पाहिजे का कोळंबी?"

"पाणीच की."

"मग गोठ्यामागचा हौद घासा."

जनावरांच्या त्या हौदाला फीत बांधली, झेंडूची माळ घातली. साहेबांनी फीत कापली, नितळ पाण्यात बराच वेळ वाकून पाहिलं अन् म्हणाले, "वाढ उत्तम आहे."

"लई चपळ हायती, सर," सोबतच्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. तहानेली म्हैस तेवढी रेकत राहिली.

नांदेडला परतून बरेच दिवस झाले. काय उरलं म्हणाल, तर गोणीपुढं हात पसरून उभी असलेली ती पोरगी डोळ्यांपुढून हलत नाही. परवा तिचा फोन आला, "मावशी, औंदा सगळी जित्ती निघाली!" आता सासरेच पाहुण्यांना फिरवतात. फोटोवाल्यांना हौदाकडं धाडतात, शिकायला येणाऱ्यांना तळ्यावर नेतात. गर्दी हौदावर जास्त. तुम्ही गेलात तर गढूळ पाणी दाखवा म्हणा, मग ते स्वतः खुर्ची आणतात अन् सुनेला हाक मारतात, "ये बाई, तूच सांग. मला त्यातलं अर्धंच कळतं."