उलटा हत्ती

मी टेबलापाशी पोचलो तेव्हा सावंतांनी घड्याळ थांबवलेलं होतं. "सर, स्टेलमेट झालाय. ड्रॉ लिहा," ते म्हणाले.

रत्नागिरीतली जिल्हा निवड स्पर्धा, शेवटची राउंड. राज्य स्पर्धेच्या टीममध्ये एकच जागा उरली होती. ड्रॉ झाला तर ती सावंतांची. सावंत पोफळीचे, पन्नाशी ओलांडलेले. दर वर्षी अर्ध्या पॉइंटने हुकायचे. समोर रेश्मा, मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात सुपरवायझर. तिला जिंकणंच भाग होतं. आणि मी आर्बिटर, म्हणजे पंच. डाव नीट चालला असेल तर आम्हाला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

पटावर फार काही शिल्लक नव्हतं. सावंतांचा एकटा राजा, रेश्माचा राजा आणि तिच्या प्याद्याच्या जागी, शेवटच्या घरात, डोक्यावर उभा केलेला हत्ती.

प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की त्याच्या बदल्यात वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा घेता येतो. वजीर म्हणजेच क्वीन. ती हत्तीसारखी सरळही चालते आणि उंटासारखी तिरपीही, म्हणून बहुतेक सगळे तीच घेतात. इथे मात्र घोळ होता. वजीर धरला तर सावंतांच्या राजाला शह नाही, पण हलायला जागाही नाही. हाच स्टेलमेट, डाव बरोबरीत. हत्ती धरला तर राजाला एक घर मोकळं राहत होतं, आणि तिथे गेला की पुढच्या चालीला मात.

"हे काय ठेवलंयस?" मी रेश्माला विचारलं.

"वजीर, सर. बंदरावर आम्ही असाच ठेवतो. आमच्या पटाचा वजीर कधीच समुद्रात गेलाय."

"पण इथे खरा होता ना?"

"गावला नाय. सेकंद जात व्हते."

मी टेबलावर शोधलं. मारलेल्या सोंगट्यांत तिचा वजीर नव्हता. सावंतांनी हळूच मूठ उघडली. विचार करताना मारलेली सोंगटी बोटांत फिरवायची त्यांची सवय. वजीर तळहातावर होता, घामाने ओला.

नियम सरळ आहे. सोंगटी सापडत नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायची. न मागता उलटा हत्ती ठेवला आणि घड्याळ दाबलं, तर तो हत्तीच. तोंडाने काय म्हटलं ते धरत नाहीत.

"हा हत्ती आहे. डाव चालू," मी सांगितलं.

"अहो, ती स्वतः वजीर म्हणतेय," सावंत म्हणाले.

"मी वजीरच केला व्हता, सर," रेश्माही म्हणाली.

स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारा खेळाडू क्वचित भेटतो. मला वाईट वाटलं, दोघांसाठीही. पण वाईट वाटून निकाल द्यायचा तर नियमांचं पुस्तक कशाला बाळगायचं? मी हत्ती सुलटा केला आणि घड्याळ सुरू केलं.

सावंतांनी राजा त्या एकुलत्या एका घरात सरकवला. रेश्माने घड्याळाकडे पाहिलं, मग सावंतांकडे, आणि हत्ती दोन घरं बाजूला नेला. मात.

सावंतांनी हात मिळवला. "पुढच्या वर्षी हात खिशात घालून बसेन," म्हणाले, आणि मुठीतला वजीर डब्यात ठेवून एसटी गाठायला निघाले. त्यांच्या पाठीकडे बघवेना.

रेश्मा सही करून तिथेच थांबली. मी अभिनंदन केलं, ते तिने बहुतेक ऐकलं नाही.

"पुढच्या टायमाला वजीर बाजूला काढून ठेवा, सर," ती म्हणाली. "म्हणजे माझी चूक माझीच राहील."

पंच पटावर काय आहे तेवढंच बघतो. मनात काय होतं, ते ज्याचं त्याला घरी न्यावं लागतं. आता राउंड सुरू होण्याआधी मी प्रत्येक पटाशेजारी दोन जादा वजीर ठेवतो, एक पांढरा, एक काळा. सावंत आले की त्यांच्या टेबलावर आधी.