शुभेच्छुक मामा आणि तापलेली गाडी

माझ्या भाच्याच्या लग्नाला जाताना मी गाडीत हिटर लावला होता. महिना मे होता आणि लग्न भंडाऱ्यात होतं!

आंधळगावहून निघालो तेव्हा स्टेअरिंगवर मीच होतो (नवरदेवाची गाडी मामाशिवाय कोण चालवणार?). मागे शेरवानीतला नीलेश आणि त्याची आई, म्हणजे माझी मोठी बहीण. मुहूर्त साडेअकराचा. आणि अर्ध्या वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला!

"मामा, काहून हळू केली?"

"काही नाही रे. तू घड्याळ पाहू नको."

तो घड्याळच पाहत होता. मी काटा पाहत होतो. ताई मला पाहत होती, आणि मला भीती त्याचीच होती.

एसी बंद केला. काटा हटेना. मग मी माझं ठेवणीतलं ज्ञान बाहेर काढलं आणि हिटर पूर्ण सोडला.

"पागल झाला काय रे?" ताई ओरडली.

"अवं ताई, इंजिनची गरमी आत घेतली तं इंजिन थंड होते!"

"अन् पोराचं काय?"

पोराच्या कपाळावरचा टिळा नाकापर्यंत आला होता.

शेवटी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. रेडिएटरचा फॅन बिचारा जीव तोडून फिरत होता.

"फॅनच बेकार आहे," मी निकाल दिला. "हवा ओढूनच नाही राहिला."

ताई गाडीसमोर जाऊन उभी राहिली. पुढच्या जाळीवर मी मोठ्या हौसेनं फ्लेक्स बांधला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नवरा-नवरीची नावं आणि बाकी सगळीकडे 'शुभेच्छुक' मी, गॉगलसह! फॅन हवा ओढायचा आणि फोटोतले माझे गाल आत जायचे.

"ओढून तं राहिला!" ताई कडाडली. "पण हवा जाईन कुठून? हे तुयं थोबाड काढ पहिले!"

काढलं. जाळीतून वारा आत गेला, थोड्या वेळानं काटा उतरला आणि आम्ही भर वेगात मांडवात पोचलो. मुहूर्त कसाबसा गाठला!

नीलेशचा घाम मात्र थांबेना. ताईनं त्याच फ्लेक्सची घडी घातली, फोटो वर ठेवला आणि लग्न होईपर्यंत त्याला वारा घातला. त्यामुळे आता लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवापेक्षा मीच जास्त दिसतो.