जमीन थोपटली ती सकाळ

मुलांनो, परवा तुमच्याकडे जमीन हलल्याचं कळलं, म्हणून हे आजच लिहिते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सांगलीजवळ माधवनगरला राहत होतो. पहाटे घर हललं आणि तेव्हापासून तुमची आई, जेमतेम चार वर्षांची, एक शब्द बोलली नव्हती, काही खातही नव्हती. हादरे अधूनमधून येतच होते, म्हणून सगळी गल्ली अंगणात स्वयंपाक करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन विटांवर तवा ठेवला, थालीपीठाची भाजणी भिजवली आणि ओल्या फडक्यावर एक गोळा तिच्यापुढे सरकवला. "हलक्या हातानं थाप, बाळाला निजवताना थोपटतात ना, तसं," मी म्हटलं. ती मुकाट्यानं थापू लागली. तव्यावर तेल तापल्याचा वास सुटला होता. तेवढ्यात जमीन पुन्हा गुरगुरली, तांब्यातलं पाणी थरथरलं, बायका ओरडल्या. ती मात्र जागची हलली नाही. पिठानं माखलेला हात तिनं जमिनीवर ठेवला आणि थोपटत म्हणाली, "नीज गं, नीज." आणि जमीन थांबली. मग शेजारीण हळूच म्हणाली, "आवं वैनी, लेकीचं ऐकलं की वो धरणीनं!" हादरे आपोआप शमतात हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तिनं थालीपीठाला मधोमध बोटानं भोक पाडलं, तव्यावरून उतरताच ते फुंकून फुंकून खाल्लं आणि आणखी मागितलं. माधवनगरचं ते घर अजून उभं आहे.