कॅरिबियन समुद्रात कोरडी चाललेली मोटर

राजुरीतल्या आमच्या विहिरीवरची मोटर मी वीस वर्षांत एकदाही जळू दिलेली नाही. (हे मी कॅरिबियन समुद्रातही सांगून आलो. तिथं कुणाला कौतुक वाटलं नाही.)

आमची धाकटी, मनीषा, तिकडं एका श्रीमंत माणसाच्या खासगी शिडाच्या बोटीवर नोकरीला आहे. मालक नसताना बोट एका बेटावरून दुसऱ्या बेटावर न्यायची होती. तिनं परवानगी काढून मला आणि तिच्या आईला सोबत घेतलं. त्याच दिवशी नेमकी तिची परीक्षा! बोट तिनं एकटीनं न्यायची आणि पांढऱ्या दाढीच्या कप्तानानं नुसतं बघायचं. संध्याकाळी तो मालकाला कळवणार. पास झाली तर कप्तानाच्या हाताखालची पक्की जागा, नाहीतर घरी.

“आप्पा, आज फकस्त बसायचं. कशालाबी हात लावायचा न्हाई.”

“मी काय ल्हान हाय का?”

तासभर मी खरंच बसलो. वारं भरलं, शीड फुगलं, बोट एका अंगावर कलली. आमची ही खांबाला मिठी मारून, डोळे मिटून बसली. कांद्याच्या वाफ्यात खेळलेली आमची पोर सुकाणू धरून उभी होती. मला भरून आलं. रडताना कुणी बघू नये म्हणून मी खालच्या खोलीत गेलो. तिथंच घात झाला.

फळ्यांखालून घर्रर्र आवाज येत होता. मोटर! आणि तीही हवा धरलेली! कोरडी मोटर चालू राहिली की कॉइल जळते, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतं. परीक्षेच्या दिवशी पोरीच्या बोटीची मोटर जळू द्यायची? समोर बटणांची रांग होती. एकेक दाबून, पुन्हा होतं तसं करून बघितलं. पाचव्याला मोटर गप्प झाली. मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं कुठंतरी टीं-टीं सुरू झालं, घरचा इन्व्हर्टर वाजतो तसं. तेही बंद केलं. (एवीतेवी हात लागलाच होता!) मग मी आडवा झालो.

डोळा लागला तोच आमची ही पायऱ्यांवरून ओरडली, “अवो, माझी चप्पल पोहतीय!”

खोलीत घोटाभर पाणी! मनीषा वरून डोकावली. “आप्पा, खाली कशाला हात लावला का?”

“न्हाई गं!”

“आप्पा!”

“मोटर कोरडी चालली व्हती. म्हनून बंद केली.”

“ती बोटीत झिरपल्यालं पानी भाईर फेकायची मोटर हाय! बोट कलली की हवा धरती!”

“आन ती टीं-टीं?”

“पानी वाढल्याची घंटा!”

मी खाली बसलो. पाण्यातच.

पोर मात्र घाबरली नाही. तिनं आधी शीड उतरवलं. बोट सरळ झाली. मोटर चालू केली, पाणी उपसायला आईच्या हातात पातेलं दिलं आणि मला कोपरा दाखवला. “आप्पा, तितं. हलू नका.” घरात माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी मुकाट्यानं कोपऱ्यात उभा राहिलो.

अर्ध्या तासात पाणी उतरलं, खालच्या फळ्या दिसायला लागल्या. कप्तानानं विचारलं, हे केलं कुणी? पोर फडकं घेऊन फळ्या पुसायला लागली. बापाचं नाव सांगेना! मी पुढं झालो आणि छातीवर हात ठेवून माझं सगळं इंग्रजी एकदम खर्च केलं, “आय! मोटर ड्राय! बर्न!”

कप्तानानं तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय.

“हसतोय त्यो,” आमची ही म्हणाली. “मलाबी येतंय, पन पातेलं हातात हाय.”

संध्याकाळी त्यानं मालकाला लिहिलं. मनीषानं मराठीत वाचून दाखवलं, “मुलगी पक्की करा. शांत डोक्याची आहे. आज तिनं बोट स्वतःच्या वडिलांपासून वाचवली.”

जागा पक्की झाली. राजुरीत पेढे वाटले, आणि आमची ही पेढ्यागणिक सगळी हकिकत सांगत फिरली. पण राव, खरं सांगा, मी ती मोटर बंद केली नसती, तर पोरीनं बोट वाचवली असती कशापासून?