ताजियाला खांदा

नवी नवरी म्हणून आरमोरीकडच्या या गावात आले आणि पहिल्याच मोहरमला मी सोमाभाऊ ढिवराचा हात ताजियावरून झटकला. "छोडो, ये हमारा है," असं वर सुनावलंही. नागपूरची, मॅट्रिक पास झालेली. अक्कल डोक्यात मावत नव्हती, पदरातून सांडत होती.

आज लोबान जाळला आणि त्या धुरात ती आगाऊ पोरगी पुन्हा दिसली. बांबूवर डकवलेला हिरवा-गुलाबी कागद, खळीचा आंबूस वास, धोतरं खोचून उभे असलेले ढिवरमोहल्ल्यातले गडी. तलावात मासे तेच धरत, गाळ कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक, म्हणून ताजिया पाण्यात तेच नेत. माझं बोलणं ऐकून सासूनं कपाळावर हात मारून घेतला.

यंदा ताजिया अंगणातच उभा आहे. नवं सरकार आलं, तशी कोणी कोणाच्या सणाला जायचं हे ठरवणारी माणसंही गावात आली. दुपारी सोमाभाऊंचा नातू कुंपणाबाहेरूनच बोलला, "आजी, आमी नाई येत. फोटो काढून गावभर फिरवून राह्यले." आमच्या मोजक्या घरांत आता म्हातारेच उरले, पोरं हैदराबादला कामाला गेली.

त्या दिवशी सोमाभाऊ रागावले नव्हते. धोतराला हात पुसत हसले आणि मला म्हणाले, "बरं बाई, आमी बसतो घरी. पन तुमच्यात उचलाले चार मानसं तरी हायेत काय?"